हॅरॉल्ड कोहेन आणि ‘आरॉन’ : मानवोत्तर चित्रकलेचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
यंत्र चित्र काढू लागले, तर चित्रकाराचे स्थान काय राहील? मानव हाच निर्मितीचा एकमेव केंद्रबिंदू आहे, या गृहीतकास आव्हान देणाऱ्या विचारास ‘मानवोत्तरवाद’ म्हटले जाते. ही संज्ञा अभ्यासकांत रूढ होण्यापूर्वीच ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन (१९२८-२०१६) यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष कामातून हाताळला. त्यांच्या प्रयोगाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘आरॉन’ची जडणघडण :
लंडन येथे जन्मलेले कोहेन १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्रिटनच्या प्रतिनिधींपैकी एक होते. चित्रकार म्हणून नाव झालेले असतानाच १९६८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत गेले व तेथे संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातून ‘आरॉन’ ही आज्ञावली आकारास आली. आकृती बंद की उघडी, तिची आतली बाजू कोणती व बाहेरची कोणती, असे भेद तीत नियमरूपाने बांधलेले होते. सुरुवातीस यंत्र केवळ रेषा काढी. रंग कोहेन स्वतः भरत. १९८० च्या दशकात रेखाटनांत झाडे व मानवाकृती आल्या. १९९५ मध्ये बोस्टनच्या संगणक संग्रहालयात यंत्राने रंगही भरून दाखविले.

विवेचन :
येथे चित्रकाराची गरज संपली, असे वाटणे स्वाभाविक आहे. घडले मात्र निराळे. रंगयोजनेत आज्ञावली स्वावलंबी झाली, तेव्हा तिच्याशी चालणारा आपला संवाद खुंटला, अशी जाणीव कोहेन यांना झाली. अखेरच्या वर्षांत त्यांनी रंगकाम पुन्हा स्वतःकडे घेतले. ‘आरॉन’च्या रेखाटनांत ते स्पर्शपटलावर बोटांनी रंग भरू लागले.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ‘आरॉन’ इतरांची चित्रे पाहून शिकलेला नव्हता. त्याचे ज्ञान म्हणजे कोहेन यांनी नियमबद्ध केलेला स्वतःचा अनुभव होता. २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या चित्रनिर्मिती प्रणाली मात्र असंख्य कलावंतांच्या कृतींवर प्रशिक्षित झालेल्या आहेत व त्यांपैकी अनेकांची संमती घेतली गेलेली नाही.

समारोप :
सारांश, ‘मानव की यंत्र’ हा प्रश्न अपुरा आहे. यंत्रात कोणाचे ज्ञान साठवले आहे आणि कोणता निर्णय मानवाने स्वतःकडे राखला आहे, हे प्रश्न अधिक मूलगामी ठरतात. कोहेन यांच्याबाबत दोहोंची उत्तरे स्पष्ट होती. आजच्या प्रणालींबाबत ती तशी नाहीत आणि त्याची किंमत ज्यांच्या कृतींवर त्या उभ्या आहेत, त्या कलावंतांना मोजावी लागत आहे.