पन्नास आणि पन्नास, पण शंभर नाही

आजचा भाग मापाचा आहे. खरं सांगायचं तर माप कमी भरण्याचा.

५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल घ्या आणि त्यात ५० मिलिलिटर पाणी ओता. शंभर व्हायला हवेत ना? मिश्रण थोडं तापतं, ते थंड होऊ द्या आणि मग बघा: ९६-९७च्या आसपास. काही सांडलेलं नाही, वजनही तेवढंच. शाळेत हे समजावताना तांदूळ आणि मोहरीचा दाखला देतात, मोठ्या दाण्यांच्या फटींत बारीक दाणे शिरतात म्हणून. हा दाखला कुठे तोकडा पडतो ते पुढे येईलच.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या टेबलावर गंभीरपणे आली ती करामुळे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये दारूवरचा कर तिच्या तीव्रतेवर ठरे. जुनी पद्धत म्हणजे दारू बंदुकीच्या दारूवर ओतायची आणि पेटवून बघायची! सरकारने अखेर रॉयल सोसायटीकडे धाव घेतली. सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७९० मध्ये अहवाल दिला आणि कारकून जॉर्ज गिल्पिन यांनी वेगवेगळ्या तापमानांना, वेगवेगळ्या प्रमाणांत अल्कोहोल आणि पाणी मिसळून घनता मोजली. त्यांचे तक्ते १७९४ मध्ये छापून आले. ब्लॅग्डेन यांचं नाव पुस्तकांत सापडतं, पण हजार वेळा तराजू सांभाळणारा माणूस गिल्पिन होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. हे एवढं किचकट काम का? कारण घट सरळ हिशेबात बसत नाही. घनतेवरून तीव्रता काढायची तर आकुंचनाचा तक्ता हाताशी हवाच, नाहीतर व्यापारी तरी बुडणार किंवा तिजोरी तरी.

रशियातही १८६३ मध्ये मक्त्याची पद्धत जाऊन मद्यावर अबकारी कर आला. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये एका तरुणाने अल्कोहोल आणि पाण्याच्या संयोगावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. दिमित्री मेंडेलीव्ह. आवर्तसारणी यायला अजून चार वर्षं होती. सर्वांत जास्त आकुंचन कुठे होतं, तर वजनाने सुमारे ४६ टक्के अल्कोहोल असताना. हिशेब केला की तिथे अल्कोहोलच्या एका रेणूमागे पाण्याचे बरोबर तीन रेणू पडतात. मेंडेलीव्ह म्हणाले, हे नुसतं मिश्रण नव्हे, इथे संयुग तयार होतंय. ठराविक संयुगाची ती कल्पना पुढे टिकली नाही, मोजमाप मात्र टिकलं. (आणि हो, व्होडकाचं ४० टक्के प्रमाण त्यांनी ठरवलं ही लोकप्रिय कथा विसरा. ते प्रमाण १८४३ मध्येच आलं, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.)

आता पाणी बाजूला ठेवा. हायड्रोकार्बन आणि ईथर घ्या. दोघंही तसे शांत द्रव, एकमेकांना पाण्यासारखे हायड्रोजन बंधाने धरून ठेवत नाहीत. १९२९ मध्ये जोएल हिल्डेब्रँड यांनी अशा साध्यासुध्या द्रावणांना 'रेग्युलर' म्हटलं. या सिद्धान्ताच्या सोप्या मांडणीत मिसळताना आकारमान बदलत नाही असं धरून चालत. प्रत्यक्षात ते बदलतं, फक्त फार थोडं, आणि ते मोजायचं म्हणजे डोकेदुखी. साधा ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो. झाकण उघडलं की उडाला. म्हणून दोन द्रव पाऱ्याने वेगळे ठेवलेली काचेची उपकरणं वापरायचे. ती कलती केली की द्रव मिसळत, आणि केसासारख्या बारीक नळीतली पातळी वाचायची.

मग १९६७ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझहून आंटोन पार कंपनीचं कंपित नळीचं घनतामापक आलं. इंग्रजी 'यू' आकाराची काचेची नळी द्रवाने भरून थरथरवायची. आतला द्रव जड, तर कंपनं संथ. थोड्याशा द्रवावर भागू लागलं आणि त्यानंतर अशा मोजमापांचा पूर आला.

त्यातून काय दिसलं? एमटीबीई हा ईथर घ्या, जो १९७३पासून इटलीत पेट्रोलमध्ये घालण्यासाठी कारखान्यात बनू लागला. हेप्टेनमध्ये मिसळला तर आकारमान किंचित वाढतं, लिटरमागे दोन-तीन मिलिलिटर. बेंझिनमध्ये मिसळला तर किंचित घटतं. वाढतं म्हणजे बघा, फटींत दाणे शिरण्याची गोष्ट इथे चालतच नाही. ईथरच्या रेणूंना एकमेकांची जी थोडी ओढ असते ती हेप्टेनच्या गर्दीत सैल पडते आणि सगळेच जरा लांब सरकतात. बेंझिनच्या सपाट कड्याशी मात्र ईथरचं बरं जमतं.

दोन-तीन मिलिलिटर क्षुल्लक वाटतात? पेट्रोल एका अंशाने तापलं तरी लिटरमागे साधारण एक मिलिलिटर फुगतं. म्हणजे प्रयोगात तापमान दोन-तीन अंशांनी घसरलं की मिसळण्याचा सगळा परिणाम त्यात बुडून जातो. पेट्रोल पंपावर घनता तपासताना ती १५ अंश सेल्सिअसला आणूनच का नोंदवतात, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.