इसामपूरच्या कपच्या

दगडाचे एखादे हत्यार सापडले की तेथे आदिमानवाची वस्ती होती, असे विधान आपण सहजपणे करून टाकतो. वास्तविक हत्यार आणि वस्ती यांत बरेच अंतर आहे. नदीच्या गोट्यांत मिळालेली हातकुऱ्हाड माणसाने घडवली, एवढेच ती निश्चितपणे सांगते. ती कोठे घडवली, घडवणारा तेथे चार दिवस राहिला की चार पिढ्या, हे ती सांगू शकत नाही. कारण पुराच्या पाण्याबरोबर ती कित्येक कोस वाहत आलेली असू शकते.

दक्षिणेतील या संशोधनाचा बराचसा आरंभ अशा सुट्या वस्तूंपासूनच झाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 साली मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले. त्याच दशकात पैठणजवळच्या मुंगी येथे वाईन या भूगर्भशास्त्रज्ञास गोदावरीच्या जुन्या थरात अकीकाची एक कपची मिळाली. पुढे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात नेवासे येथे उत्खनन केले आणि ज्ञानेश्वरीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्या गावाचा इतिहास प्रवरेच्या गोट्यांतील हत्यारांपर्यंत मागे गेला. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी तर हत्यारांच्या सोबत ज्वालामुखीची राख मिळाली. राखेचे वय काढता येते, म्हणून मोठी आशा वाटली; पण एका मापनाने ते वय 14 लाख वर्षे आले, तर दुसऱ्या मताप्रमाणे ही राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील ठरते. नदीकाठी मूळ जागचे कोणते आणि मागाहून येऊन पडलेले कोणते, हे ठरवणे असे अवघड असते.

इसामपूरचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. हे गाव आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातले. गुलबर्गा जिल्हा, शोरापूर तालुका. आता यादगीर जिल्हा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि हैदराबादकरांच्या आस्थेतूनही जणू वगळला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोरापूरचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांनी येथील महापाषाणीय दफने उकरून त्यांची वर्णने लिहिली होती. ती दफने फार तर तीनेक हजार वर्षांची. त्याच परिसरात त्याहून शेकडो पटींनी जुना ऐवज पडून होता; परंतु तो पाहण्याची दृष्टी त्या काळी नुकतीच कोठे तयार होत होती.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी 1970 च्या दशकापासून हुणसगी व बैचबाळ ही दोन खोरी अक्षरशः पायी पालथी घातली. या दोन खोऱ्यांत मिळून पुराश्मयुगाच्या आरंभकाळातील शंभराहून अधिक स्थळे त्यांनी नोंदवली. त्यांपैकी इसामपूर 1983 मध्ये उजेडात आले, तेही पाटबंधाऱ्याच्या कामासाठी वरची गाळमाती उचलली गेल्यामुळे. प्रत्यक्ष उत्खनन 1997 पासून काही वर्षे चालले.

तेथे काय मिळाले? हातकुऱ्हाडी मिळाल्या, सरळ धारेच्या क्लीव्हर मिळाल्या, तासण्या मिळाल्या. पण हे सारे इतरत्रही मिळते. इसामपूरचे खरे धन म्हणजे कचरा. चुनखडीच्या मोठ्या लाद्या, त्यांवरून छिलके काढल्यावर उरलेले गाभे, अर्धवट घडवून टाकून दिलेली हत्यारे, आणि या सर्वांभोवती विखुरलेल्या असंख्य कपच्या. कारागीर जेथे बसला तेथेच त्या पडलेल्या आहेत. वाहत्या पाण्याने गोटे, मोठे छिलके आणि बारीक चुरा यांची प्रतवारी केली असती. येथे सगळे एकत्र आहे. सुताराच्या अंगणातला भुसा पाहून जसे येथे रंधा चालत होता हे कळते, तसाच हा पुरावा आहे.

ही चुनखडी भीमा गटातील, म्हणजे शहाबादी फरशीच्याच कुळातली. नारायणगुड्यातील जुन्या घरांत ज्या फरशीवर आपण पिढ्यान्पिढ्या पाट मांडले, तिचा गुण असा की ती थराथराने सुटते. इसामपूरच्या माणसाने हा गुण ओळखला होता. योग्य जाडीची लादी तो निवडत असे आणि तिच्या कडा छिलून कुऱ्हाड काढत असे. घाव घालण्याचे गोटे मात्र बेसाल्ट, क्वार्टझाइट अशा कठीण दगडांचे, म्हणजे मुद्दाम आणून ठेवलेले. आणायचे ते आधी ठरवूनच आणावे लागते. तेथील प्राण्यांच्या दातांच्या कवचावरून काढलेले वय सुमारे 12 लाख वर्षे भरते. एवढ्या मागे योजना करणारे मन होते, ही गोष्ट मला वयाच्या आकड्याहून अधिक विलक्षण वाटते.

वस्ती म्हणजे घरेदारे, असा अर्थ मात्र येथे घेऊ नये. पद्दय्या यांचा तर्क असा की उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांच्या आसपास या टोळ्या एकत्र येत आणि पावसाळ्यात सर्वत्र पाणी झाले की खोरेभर पांगत. स्थळांची मांडणी या तर्काला अनुकूल आहे. पुनःपुन्हा त्याच जागी येणे, हीसुद्धा वस्तीच. आपल्याकडील धनगर आजही वर्षातून काही महिने अशीच वस्ती करतात.

कृष्णेचे पाणी कालव्याने शोरापूर भागात आले, ते यायलाच हवे होते. पण ज्या खोदाईने इसामपूर दाखवले, तीच खोदाई आणि जमिनीचे सपाटीकरण अशी स्थळे पुसूनही टाकते. कपच्या एकदा हलल्या की पुरावा संपला, मग हत्यारे संग्रहालयात कितीही नीट मांडा. माझ्या नोकरीतील बरीच वर्षे भूसंपादनाच्या कागदांत गेली. त्या तक्त्यांत विहिरीला रकाना असे, आंब्याच्या झाडाला असे, गोठ्यालाही असे. दगडांना नसे. तो घालायला कायदा बदलावा लागत नाही. पंचनाम्याला जाणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याच्या हातात एक हातकुऱ्हाड आणि दहा कपच्या ठेवून त्या साध्या दगडांपासून कशा वेगळ्या ओळखायच्या, हे दाखवायला एक दुपार पुरते.