परसबागेतील कोंबड्यांसाठी झुडपांची निवड

परसातल्या कोंबड्यांना झुडपाचा आडोसा लागतोच. वर घार फिरताना दिसली की कोंबडी पिल्ले घेऊन झुडपाखाली शिरते. विदर्भ, मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की सावलीअभावी पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतात, खाद्य कमी खातात, अंड्यांचे कवच पातळ होते. त्यामुळे झुडपे लावावीत. मात्र नवीन रोप आणण्याआधी कुंपणाला आज काय उभे आहे ते पाहावे.

आपल्याकडे कुंपणासाठी कण्हेर, मोगली एरंड, घाणेरी, शेर यांची निवड होते ती जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून. तोंड न लावण्याचे कारण बहुतेक वेळा विष किंवा चीक हेच असते. मोकळी फिरणारी, पोट भरलेली मोठी कोंबडी असे पान चोचीने टोचून सोडून देते. धोका असतो तो कोंडलेल्या व भुकेल्या पक्ष्यांना, काय खावे हे न कळणाऱ्या पिल्लांना आणि जमिनीवर बी पडते तिथे.

काय काढावे

कण्हेरीचे पान, फूल, खोड सर्वच विषारी असून हृदयावर परिणाम करते. पान वाळले तरी विष जात नाही. म्हणून कण्हेरीची छाटणी केल्यावर पाला खुराड्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. पाण्याचे भांडेही कण्हेरीखाली ठेवू नये, गळलेली पाने त्यात भिजत राहतात. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. तिची बी सर्वांत घातक. एरंड, मोगली एरंड, गुंज व धोतरा यांचेही मुख्य विष बियांत. कोंबडी बी नुसती गिळत नाही, पोटात खड्यांनी भरडते, त्यामुळे कठीण सालीचा भरवसा धरू नये. कुंपणावर चढलेला गुंजेचा वेल शेंगा तडकण्याआधीच उपटावा.

एरंडीची पेंड हे चांगले खत, पण कोंबड्या उकरतात त्या वाफ्यात ती अजिबात टाकू नये. रानटाकळा (कासविंदा) आणि खुळखुळा यांच्या बिया धान्यात मिसळून येतात. घरच्या ज्वारी-मक्याची चाळण कोंबड्यांपुढे टाकताना त्या वेचाव्यात. अॅव्होकॅडोची पाने व साल पक्ष्यांना घातक आहे. हे झाड आता आपल्याकडेही लावले जाते, ते कोंबड्यांच्या आवाराबाहेर असावे. घाणेरीची विषबाधा मुख्यतः गाय-शेळीत दिसते, रानपक्षी तिची पिकलेली फळे खातातही. तरी पिल्लांच्या आवारात ती ठेवण्यात फायदा काहीच नाही.

शेळीला चालते ते कोंबडीला चालेलच असे नाही. सुबाभळीतील मिमोसिनमुळे वाढ खुंटते, अंडी घटतात. तिचा पाला एकूण खाद्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. शेवरीचा पाला पिल्लांना देऊ नये.

काय लावावे

पहिली पसंती तुतीला द्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे छाट लावले की सहज फुटतात. छाटणी सोसते, पाला व फळे दोन्ही कोंबड्या आवडीने खातात, सावलीही दाट. शेवगा कंबरेएवढ्या उंचीवर छाटत राहिल्यास झुडपासारखा पसरतो. त्याच्या पाल्याने बलक चांगला पिवळा होतो. जास्वंदीची पाने-फुले खाल्ली तरी चिंता नाही. कढीपत्त्याला मुळांपासून फुटवे येऊन आपोआप जाळी तयार होते, दुपारी कोंबड्या तिथेच धूळस्नान करताना दिसतील. कुंपणाला करवंद लावावे. दोन-अडीच फुटांवर रोपे लावल्यास काट्यांची भिंत होते, कुत्र्यांना सहज आत शिरता येत नाही. मुंगूस मात्र अशा कुंपणाने थांबत नाही. रात्री खुराडे बंद हवेच.

पाला हा पूरक आहार आहे, दाण्याची जागा तो घेत नाही.

नव्या रोपाचा पहिला शत्रू कोंबडीच. ती मुळाशी उकरून रोप उघडे पाडते. बुंध्याभोवती मोठे दगड रचावेत आणि बांबूचा किंवा तुराट्यांचा कूड करावा. रोप गुडघ्याच्या वर जाईपर्यंत तो काढू नये. दाणेदार कीटकनाशक या झुडपांना वापरू नये, कोंबडी ते दाणे म्हणून टिपते. फवारणी करावीच लागली तर लेबलवरील सूचना पाळून तेवढे दिवस पक्षी दुसरीकडे ठेवावेत.

विषबाधेची शंका आल्यास

अचानक मलूलपणा, पाय लटके पडणे, हगवण किंवा एकाएकी मरतूक दिसल्यास सर्व पक्षी त्या जागेवरून हलवावेत, स्वच्छ पाणी द्यावे आणि संशयित वनस्पतीची फांदी बियांसह घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी न्यावा. गळ्याखालच्या पिशवीत काय सापडते त्यावरून बरेच कळते. तो खाऊ नये, कुत्र्यांनाही टाकू नये.

एक गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून विचारावी: लसीकरण झाले होते का? मान वाकडी, हिरवी हगवण आणि शेजारच्या घरातही मरतूक असेल तर दोष झाडाला देण्याआधी मानमोडीचा संशय घ्यावा.