दुचाकी घरीच रंगवताना...

पावसाळा ओसरला की दुचाकीच्या मडगार्डाखाली गंजाचे फोड दिसू लागतात. गॅरेजमधील रंगकामाचा खर्च ऐकून अनेक जण वाहन तसेच वापरतात आणि पत्रा आतून कुजत जातो. या खर्चात मोठा वाटा मजुरीचा, त्यातही घासकामाचा असतो. त्यामुळे मडगार्ड, साइड पॅनेल यांसारखे सुटे भाग स्प्रे कॅनने घरी रंगवल्यास पैसे वाचू शकतात. अट एकच, घाई नको.

पूर्वतयारी

भाग सुटा करून साबणाने धुवावा. तेल-ग्रीसचा अंश राहिल्यास रंग धरत नाही. गंज 180 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत काढावा. जुन्या रंगाच्या कडा 320 क्रमांकाच्या पेपरने उतरत्या कराव्यात. खड्ड्यांत लांबी पातळ थरांत भरावी. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पुढे तडकतो. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. प्लॅस्टिकसाठी वेगळा प्रायमर मिळतो; तो न लावल्यास रंगाची सालपटे निघतात. वाळलेला प्रायमर 600 क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासावा.

रंगाचे हात

कॅन दोन मिनिटे हलवून 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावरून सरळ पट्टे मारावेत. कॅन जवळ नेल्यास ओघळ येतात, लांब धरल्यास पृष्ठभाग खरखरीत होतो. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ हात पुरेसे होतात. ओघळ आल्यास पुसू नये. पूर्ण वाळल्यावर घासून काढावा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तर कडक उन्हात तो पसरण्यापूर्वीच वाळतो. म्हणून हिवाळ्यातील कोरडी सकाळ उत्तम.

आरोग्य आणि सुरक्षितता

रंगाची वाफ ज्वालाग्राही असते. काम मोकळ्या जागेत, शेगडी व सिगारेटपासून दूर करावे. रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क हवा. हार्डनर मिसळावा लागणाऱ्या रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. ते काम गॅरेजवरच सोपवावे. पेट्रोलची टाकीही घरी रंगवू नये. रिकाम्या टाकीतील वाफसुद्धा पेट घेते. सायलेन्सरला साधा रंग टिकत नाही, त्यासाठी उष्णतारोधक रंगच लागतो.

कायदा काय सांगतो?

वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. तोच रंग पुन्हा देण्यास अडचण नाही. रंग बदलायचा असल्यास मात्र आधी आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. चासी क्रमांक रंगाखाली झाकला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

प्रथमच हे काम करणाऱ्यांनी आधी एकच साइड पॅनेल रंगवून पाहावे. ते मनासारखे उतरले, तरच पुढच्या भागाला हात घालावा.