जीपीएक्स फाइल : रेंज नसली तरी वाट दाखवणारी नोंद

बेळगाव : पावसाळा आला की खानापूरच्या जंगलाकडे, चोर्ला घाटाकडे फिरायला जाणारे वाढतात. ग्रुपवर कुणीतरी ‘जीपीएक्स’ फाइल टाकतो, पण अनेकांना ती उघडायची कशी हेच माहीत नसते. त्यासाठी ही थोडक्यात माहिती.

फाइलमध्ये काय असते?

जीपीएक्स म्हणजे जीपीएसची माहिती एका उपकरणातून दुसऱ्यात नेण्याची खुली पद्धत. ती २००२ मध्ये आली, सध्याची १.१ आवृत्ती २००४ ची. फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात तीन प्रकारच्या नोंदी असू शकतात.

- वेपॉइंट : एकच ठिकाण. उदा. पाण्याची जागा, गाडी लावली ती जागा.
- रूट : कुठून कुठे जायचे, याचा आधी आखलेला बेत.
- ट्रॅक : चालून झालेल्या वाटेची ठिपक्या-ठिपक्यांची नोंद, बहुधा उंची आणि वेळेसह.

हिशेबाच्या भाषेत रूट म्हणजे अंदाजपत्रक, ट्रॅक म्हणजे रोजकीर्द. जंगलात रोजकीर्दच जास्त कामाची. मात्र तारीख बघा. उन्हाळ्यात सहज ओलांडलेला ओढा जुलैत ओलांडता येईलच असे नाही. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत.

वापरायची कशी?

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून ऑसमअँडसारख्या ॲपमध्ये त्या भागाचा नकाशा घरीच डाउनलोड करा आणि फाइल त्यात उघडा. व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटवरून वाट सापडत नाही. सोबत पॉवर बँक हवीच.

चूक होते ती इथे

बेळगाव साधारण १५ अंश ५१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. दशांशात ते १५.८५ होते, कारण ५१ ला ६० ने भागायचे असते. कुणी सरळ १५.५१ लिहिले, तर ठिकाण सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला, खानापूर ओलांडून लोंढ्याच्या बाजूच्या रानात जाते. वाट चुकलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगताना ही चूक झाली, तर शोधायला निघालेले लोक भलत्याच जंगलात पोहोचतील.

दुसरी चूक क्रमाची. गुगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहितात. आकडे हाताने उतरवताना क्रम उलटला, तर बेळगाव थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते! आपल्या भागात अक्षांश १५ च्या आसपास आणि रेखांश ७४ च्या आसपास असतो, एवढे पाठ असले तरी पुरे.

पाठवण्यापूर्वी

घरातूनच रेकॉर्डिंग सुरू केले असेल, तर फाइलमध्ये तुमचे घर आणि निघाल्याची वेळही जाते. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग कापूनच फाइल पुढे द्या. आणखी एक, फाइल मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. भीमगड अभयारण्यात जायचे तर आधी वनखात्याला विचारा.

निघताना ट्रॅकची एक प्रत घरच्यांकडे ठेवा. अडचणीत ११२ वर फोन करताना दशांशातले दोन्ही आकडे, ‘उत्तर’ आणि ‘पूर्व’ असे स्पष्ट म्हणून सांगा. दशांश चिन्हानंतर पाच अंक दिले, तर जागा साधारण एका मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. फोनचा जीपीएस स्वतः काही मीटर इकडे-तिकडे दाखवतो, पण शोधणाऱ्यांना हाक ऐकू येईल इतके जवळ तो नक्की आणतो.