टोकिओ खटला
दुसऱ्या महायुद्धातील जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांबद्दल चाललेला आंतरराष्ट्रीय खटला (१९४६–४८). दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी जानेवारी १९४६ मध्ये जाहीरनाम्याद्वारे लष्करी न्यायाधिकरण स्थापिले. त्यावर अकरा देशांचे न्यायाधीश होते. आरोपी २८, पैकी दोघे मरण पावले, एकास मनोविकारामुळे वगळले. उरलेले सर्व दोषी ठरून तोजो व हिरोता या माजी पंतप्रधानांसह सातजणांना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी देण्यात आली.

ज्यांच्या नावे युद्ध पुकारले गेले, ते सम्राट हिरोहितो मात्र आरोपी नव्हते. त्यांच्यावर खटला भरल्यास जपानात किमान दहा लाख सैन्य ठेवावे लागेल, अशी भीती मॅकआर्थर यांनी वॉशिंग्टनला कळविली होती. सम्राटांच्या इच्छेविरुद्ध कोणीही जपानी प्रजाजन वागणार नाही, असे तोजो साक्षीत बोलून गेले. आठवडाभरात त्यांच्याकडून ते विधान फिरवून घेण्यात आले. न्यायाधिकरणाचे ऑस्ट्रेलियन अध्यक्ष विल्यम वेब यांनी स्वतंत्र मतपत्रात सम्राटांना मिळालेल्या या अभयाकडे लक्ष वेधले. भारताचे राधाविनोद पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार मान्य केले. परंतु आक्रमक युद्ध हा तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा नव्हता, असे प्रतिपादून सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. सात वर्षांची शिक्षा झालेले शिगेमित्सू १९५४ मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. हिरोहितो १९८९ पर्यंत सिंहासनावर होते.