शिंक्याची गाठ

स्मरणिकेत लिहायचे तर माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने काय लिहावे? पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "हाताला जे ठाऊक आहे तेच लिहा." म्हणून भगिनींनो, दोरीचा इतिहास लिहिते.

दोरी माणसाइतकीच जुनी म्हणावी लागेल. फ्रान्समध्ये एका कड्याखाली दोरीचा तुकडा सापडला, असे २०२० साली जाहीर झाले. तो निअँडरथल लोकांनी झाडाच्या आतल्या सालीपासून वळलेला, निदान ४० हजार वर्षांपूर्वीचा आहे. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, पण तिपदरी. पदर एका बाजूला पिळलेले आणि तिन्ही मिळून उलट बाजूला. माझी आई पोटरीवर अंबाडीची दोरी वळायची, तीही अशीच. उलट पीळ दिला म्हणजे दोरी उलगडत नाही.

आपल्याकडे कोकणात नारळाचा काथ्या, देशावर अंबाडी नि ताग, अशी ज्या त्या गावची दोरी असे. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिशडा येथे तागाची गिरणी निघाली. पुढे गिरणीची सुतळी दुकानोदुकानी आली. १९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या इकडे राहिल्या. मग इकडेही तागाची लागवड वाढवावी लागली. त्यानंतर नायलॉन आले, आणि घरात दोरी वळणे जवळजवळ थांबले.

आईकडे वाण्याच्या पुड्यांच्या दोऱ्यांचा मोठा गुंडा असे. दूध-लोणी मांजरापासून राखायला तिचे शिंके होते. घरी फ्रीज आला नि ते माळ्यावर गेले. मी कधी शिकून घेतले नाही. आज आई नाही.

गेल्या वर्षी माळा आवरताना ते शिंके हाती आले. मुलगी म्हणाली, "टाकून दे ना, आई." मी मात्र दुपारभर बसून एकेक गाठ सोडवली आणि वहीत काढून ठेवली. वरची, जिथे सगळे पदर एकत्र येतात, ती गाठ कुजलेली होती. हात लावताच तुटली. ती कशी घातली होती, ते आता मला कोण सांगणार?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण शिकवणारी गेली की गाठ जाते. आपल्यापैकी कुणा वडीलधाऱ्या बाईंना ती येत असेल, तर मंडळात येऊन दाखवावी. सुतळी मी आणीन.